औटकी, गुंठा आणि घरची शाळा

आमचे मुरुड लातूर-बार्शी रस्त्यावरचे. परगावी गावाचे नाव सांगितले की निम्मे लोक समुद्राची चौकशी करतात आणि उरलेले महर्षी कर्व्यांची. समुद्र आमच्यापासून फार लांब आहे आणि कर्व्यांचे मुरुड दापोलीकडचे. तरी कर्व्यांची एक गोष्ट गेली पाच वर्षे आमच्या घरात इतक्या वेळा निघाली आहे की ती आता आमच्याच गावची वाटते. १८७५ साली धोंडो केशव कर्वे सहावीच्या सरकारी परीक्षेला बसण्यासाठी पावसापाण्यात, घाट चढून, चार दिवस पायी चालत साताऱ्याला गेले. परीक्षेला वयाची सतरा वर्षे पूर्ण लागत होती आणि कर्व्यांची ती झालेलीही होती. पण समितीच्या साहेबाला मुलगा सतराचा दिसला नाही. त्याने परत पाठवले. मुलाला किती येते हे त्या दिवशी कोणी विचारलेच नाही.

दीडशे वर्षांनंतर आमच्या घरातल्या एका मुलीच्या बाबतीत प्रश्न तिथेच येऊन थांबला, म्हणून हा लेख.

आधी घराविषयी थोडे. आम्ही तिघे भाऊ एकत्र. चुलीवर माणसे सतरा, जमीन बावीस एकर. सोयाबीन, तूर, हरभरा. मांजरा धरणात पाणी असेल त्या वर्षी थोडा ऊस. थोरल्या भावाला सगळे आबा म्हणतात, कारभार त्यांच्याकडे. मी मधला. बारावीनंतर माझे शिक्षण सुटले. मोडी आणि कामापुरती उर्दू मी पुढे आपली आपण शिकलो, आणि जुन्या शाळांचे हजेरीपट, दाखले, निजामकाळातले कागद गोळा करण्याचा नाद लागला. घरात या नादाला ‘तात्याची रद्दी’ म्हणतात.

आबांच्या नातीने, म्हणजे माझ्या पुतण्याच्या मुलीने, मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा दुसरीचे वर्ष जवळजवळ संपवले होते. खेड्यातल्या पहिली ते चौथीच्या शाळा पुन्हा उघडल्या त्या डिसेंबर २०२१ मध्ये. या पावणेदोन वर्षांत गावातली बहुतेक लेकरे होते तेही विसरली. ही मात्र पुढे गेली, आणि ती किती पुढे गेली हे आम्हाला बराच काळ कळलेच नाही. तिची आई लातूरहून गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. दुपारी धान्य निवडता निवडता ती लेकीला गणिते घालायची. चौथीत परत बसवले तेव्हा मुलगी सातवीचे पुस्तक संपवून बसली होती. महिन्याभरात ती शाळेत खिडकीबाहेर बघू लागली. गुरुजी भले माणूस. त्यांनीच एके दिवशी घरी येऊन आबांना सांगितले, “माझ्याकडे चाळीस लेकरं आहेत, त्यातली निम्मी बाराखडीत अडकलीत. हिला मी काय देऊ?”

लातूरच्या एका मोठ्या शाळेत आम्ही विचारून पाहिले. सहावी-सातवीत घ्या, तुमची परीक्षा घ्या आणि मग घ्या, असे म्हणालो. उत्तर मिळाले: वयानुरूप पाचवीच. त्या शाळेचे नाव लिहीत नाही, कारण सगळा दोष तिचा नव्हता. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे चौथे कलम शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात बसवायला सांगते. ते मागे पडलेल्या मुलासाठी केलेले आहे, आणि योग्यच आहे: अकरा वर्षांच्या ऊसतोड कामगाराच्या मुलाला पहिलीत बसवून लाजवू नये. पण ‘वयानुरूप’ हा शब्द एकदा कचेऱ्यांच्या तोंडी बसला की तो पुढे गेलेल्या मुलालाही लागतो. त्याच कायद्याचे दहावे कलम सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य मानते, मात्र न घातल्यास पालकाला शिक्षा सांगत नाही. आणि घरी शिकवण्याविषयी त्या कायद्यात एक ओळही नाही. म्हणजे घरची शाळा आपल्याकडे बेकायदा म्हणावी तर तसे कुठे लिहिलेले नाही, आणि कायदेशीर म्हणावी तर तिला नावच नाही.

जून २०२२ मध्ये मुलगी घरी राहिली. नाव शाळेच्या पटावर ठेवले, परीक्षांना ती जाऊन बसायची. हे नियमाला धरून नव्हते. आमच्या भागात मुली शेतात असतात आणि नावे पटावर असतात, ती रीत जुनी आहे. आम्ही ती वेगळ्या कारणासाठी वापरली एवढेच. तीन वर्षे अशी गेली.

या तीन वर्षांत मी माझी रद्दी पुन्हा उपसली. घरी शिकणे हे मुंबई-पुण्याचे नवे खूळ आहे असे आमच्या पाहुण्यारावळ्यांचे म्हणणे होते, आणि ते मला खोडायचे होते. खोडायला फार लांब जावे लागले नाही. शेतकरी घरात घरी शिकून पुढे गेलेली आपल्याकडची सर्वांत मोठी व्यक्ती सावित्रीबाई फुले. शाळा काढणाऱ्या बाई म्हणून त्या आपल्याला इतक्या माहीत आहेत की त्या स्वतः लहानपणी कुठल्याच शाळेत गेल्या नव्हत्या हे मनात ठसत नाही. १८४० साली लग्न होऊन नायगावहून पुण्यात आल्या तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. फुल्यांचे घर माळ्याचे: मळा, भाजीपाला, फुलांचा धंदा. जोतीरावांनी त्यांना घरी शिकवले, ही गोष्ट त्या काळच्या सरकारी शिक्षणखात्याच्या कागदांत नोंदलेली आहे. मळ्यात आंब्याच्या झाडाखाली मातीत काडीने अक्षरे गिरवून घेतल्याची कथाही सांगतात. ती कथा म्हणूनच घ्यावी, पण ज्याने रानात दुपार काढली आहे त्याला ती खोटी वाटणार नाही. सगळ्या घरात पाटी ठेवायला निवांत जागा असते ती रानातच.

मला जास्त महत्त्वाचे वाटते ते यानंतरचे. जोतीरावांचे शिकवणे एका टप्प्यावर आले आणि पुढची जबाबदारी सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर या त्यांच्या दोन मित्रांनी घेतली. त्यानंतर अध्यापनाचे प्रशिक्षण: नगरला फरारबाईंच्या संस्थेत आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये. म्हणजे घर पहिली काही वर्षे पुरले. मग बाहेरची माणसे लागली, आणि शेवटी संस्था लागली.

खुद्द जोतीरावांचेही तसेच झाले होते. पंतोजीच्या शाळेतून वडिलांनी त्यांना काढले आणि मळ्याच्या कामाला लावले. दुकानातल्या एका कारकुनाने गोविंदरावांचे कान भरले, असे चरित्रांत येते. ते खरेच असेल, पण माळ्याच्या घरात हाताशी आलेले पोर शाळेतून काढायला कान भरणारा लागतोच असे नाही. दिवसभर मळा आणि रात्री दिव्याशी वाचन अशी तीनेक वर्षे गेली. ते वाचन बघितले शेजारच्या गफार बेग मुन्शींनी आणि लिजिट साहेबांनी. त्या दोघांनी गोविंदरावांना गळ घातली आणि १८४१ मध्ये मुलगा स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेला. मुलाची हुशारी घरच्यांना दिसत नव्हती असे नाही. पण घरच्यांना मुलाबरोबर मळाही दिसत होता. मुन्शींना फक्त मुलगा दिसत होता.

मराठवाड्याचा इतिहास याहून बिकट. माझे आजोबा ज्या शाळेत शिकले ती कुळकर्ण्याच्या ओसरीवर भरायची. धूळपाटी, मोडी, आणि पाढे. सरकारी शाळा तालुक्याला, तीही उर्दूतून. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले त्याचीही भाषा उर्दूच. पुढे १९२० नंतरच्या दशकात खाजगी शाळांना सरकारी परवानगी सक्तीची झाली तेव्हा अशा ओसऱ्यांवर गंडांतर आले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आमच्याकडे घरी शिकणे हा कोणी निवडलेला मार्ग नव्हता. दुसरे काही नव्हते. १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, जिथे पुढे स्वामी रामानंद तीर्थ शिकवायला आले, तेव्हा लांबलांबच्या गावांतली पोरे तिथे पाठवली गेली ती याच अडचणीतून. गंमत अशी की किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर ज्ञानप्रबोधिनीने ज्या हराळीत निवासी शाळा उभी केली, ते हराळीही याच लोहारा तालुक्यातले. हुशार मुलांसाठी म्हणून पुण्यात १९६२ साली सुरू झालेली संस्था शेवटी आमच्या रानात आली ती धरणीकंपामुळे. आम्हाला चांगली गोष्ट सहसा संकटाबरोबरच मिळते.

आजोबांच्या त्या ओसरीवरून आमच्या घरात एक वस्तू शिल्लक राहिली होती: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी. नव्या वाचकांसाठी सांगतो, हे अपूर्णांकांचे पाढे. पावकी म्हणजे पावाचा, निमकी अर्ध्याचा, आणि औटकी साडेतीनाचा. साताची औटकी साडेचोवीस. आबांना या सगळ्या तोंडपाठ. शाळेत कधीच कामाला न आलेल्या, पण बाजारात रोज लागणाऱ्या. मुलीने आठ दिवसांत औटकी पाठ केली आणि नवव्या दिवशी विचारले, “आबा, औटकी पाठ कशाला करायची? तिनाचा पाढा म्हणायचा आन् निम्मं मिळवायचं.” आबा थोडा वेळ गप्प बसले. साठ वर्षांत त्यांच्या हे ध्यानात आले नव्हते. मग म्हणाले, “तुला निम्मं मिळवायला येळ लागंल तवर आडत्या पट्टी लिहून मोकळा झाल्याला असतो.” दोघेही बरोबर होते. आमच्या घरच्या शाळेत चांगले काय होते ते मला या एका संवादात दिसते.

दुसरा धडा गुंठ्याचा. एकराचे चाळीस गुंठे, आणि एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद. १०८९ चौरस फूट. आमच्या बावीस एकरांचे ८८० गुंठे होतात. सातबाऱ्यावर मात्र आठ हेक्टर नव्वद आर, म्हणजे ८९० आर. गुंठा आणि आर एकच, असे आमच्याकडे सगळे धरून चालतात. त्यामुळे कागदावर दहा गुंठे जास्त कसे, ते कोणाचे, उद्या बांधावरचा भाऊबंद हक्क सांगेल का, ही आबांची वीस वर्षांची धास्ती. मुलीने वहीत मांडले: आर म्हणजे दहा मीटर गुणिले दहा मीटर, आणि दहा मीटर तेहतीस फुटांपेक्षा थोडे कमी भरतात. म्हणून आर गुंठ्याहून थोडा लहान, शंभरात जेमतेम एकाने. ८८० गुंठ्यांचे ८९० आर होणारच. त्या रात्री आबांनी दोन वेळा वही मागवून घेतली. आकडे त्यांना कळले नाहीत, पण धास्ती गेली.

तिसरा धडा आमच्या अंगाशी आला असता. सोयाबीनचा ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की वजनात कपात. त्या वर्षी आमच्या मालाचा ओलावा अठरा भरला आणि क्विंटलमागे सहा किलो कापले गेले. घरात सगळे चिडलेले. मुलगी म्हणाली, हिशोब चुकलाय. सगळ्यांनी कान टवकारले. तिचे म्हणणे असे: शंभर किलोत अठरा किलो पाणी, म्हणजे कोरडा माल ८२ किलो. तो वाळून बारा टक्क्यांवर आला तर ८२ किलो हे ८८ टक्के होतात. एकूण वजन ९३ किलोच्या थोडे वर. म्हणजे कपात सहाची नव्हे, जवळपास पावणेसात किलोंची हवी. “आबा, तोटा आडत्याचाच झालाय.” आबांनी तिला सांगितले की हे गणित घरातच ठेव.

अशा गोष्टी सांगितल्या की शहरातले मित्र खूश होतात. शेत हीच शाळा वगैरे बोलू लागतात. मला ते पटत नाही, आणि या लेखात मला खरे सांगायचे आहे ते यापुढेच.

घरची शाळा कोणाच्या वेळेवर चालते? मुलीच्या आईला सकाळी दोन तास लागत. सतरा माणसांच्या घरात सकाळचे दोन तास म्हणजे चाळीसेक भाकरी. त्या भाकरी तीन वर्षे तिच्या थोरल्या जावेने थापल्या. लग्नाला पंधरा वर्षे झालेली, सातवीत शाळा सुटलेली बाई. आणि तिचाही मुलगा त्याच वयाचा, सहा महिन्यांनी मोठा. तो अभ्यासात सर्वसाधारण, शाळेत नियमाने जाणारा, आणि सुट्टीच्या दिवशी रानात. सोयाबीन काढणीच्या वेळी एका दुपारी ती बाई आखाड्यावर सगळ्यांसमोर बोलली: “माझं लेकरू उन्हात पेंढ्या उचलतंय, आन् ही सावलीत पुस्तक वाचती. दोघं बी एकाच घरचे हायेत ना?” कोणी उत्तर दिले नाही. आबांनी पाण्याचा तांब्या उचलला. मी तिथेच होतो. साऱ्या घरात बोलका म्हणून मी ओळखला जातो, पण मलाही शब्द सुचला नाही.

शहरी घरात एक मूल, फार तर दोन. तिथे एका मुलाला घरी ठेवणे हा त्या मुलाचा प्रश्न असतो. एकत्र शेतकरी कुटुंबात ती वाटणी असते, जमिनीच्या वाटणीसारखी. एकाला सावली दिली की दुसऱ्याच्या उन्हात भर पडते. घरी शिकवण्यावरच्या ज्या पुस्तकांतून मी फिरलो, त्यांत मुलाच्या कलाविषयी पुष्कळ होते. त्याच्या चुलत भावाविषयी काही नव्हते.

एका जुन्या पुस्तकात मात्र होते. आगरकरांमुळे मराठी वाचकाला ओळखीचा असलेला जॉन स्टुअर्ट मिल कधी शाळेत गेला नाही. बापाने त्याला तिसऱ्या वर्षी ग्रीक सुरू केले. बाप हिंदुस्थानचा इतिहास लिहीत बसे आणि त्याच टेबलाशी मुलगा ग्रीकचा धडा करी. हा भाग सगळे सांगतात. कमी सांगितला जातो तो असा की मिल नऊ भावंडांत थोरला होता, आणि आठव्या वर्षापासून धाकट्यांना लॅटिन शिकवण्याचे काम त्याच्यावर होते. धाकटे चुकले की जबाब याला द्यावा लागे. आत्मचरित्रात त्याने या पद्धतीविषयी नाराजी लिहिली आहे. शिकवल्यामुळे आपले ज्ञान पक्के झाले हेही प्रामाणिकपणे लिहिले आहे. विसाव्या वर्षी त्याला जे मोठे औदासीन्य आले ते तर प्रसिद्धच आहे.

मी तो भाग घरात वाचून दाखवला, मराठी करून. त्यातून आमच्याकडे एक व्यवस्था निघाली, ती माझ्या हुशारीची नव्हे, मुलीच्या आईची. संध्याकाळी दिवेलागणीनंतर मुलीने घरातल्या चार लेकरांना तासभर घ्यायचे, आणि काढणीच्या हंगामात तिनेही सर्वांबरोबर रानात यायचे. पहिल्या गोष्टीचा उपयोग झाला. थोरल्या जावेच्या मुलाची भागाकाराची भीती गेली. पण मुलगी चिडकी होऊ लागली. जे तिला एका क्षणात दिसायचे ते दुसऱ्याला का दिसत नाही हे तिला कळेना. एकदा तिने त्या मुलाला ‘मठ्ठ’ म्हटले आणि त्याने तिची वही चुलीत घातली. आमच्या घरच्या शाळेचा हा सर्वांत वाईट दिवस. मिलच्या बापाने काय केले असते ठाऊक नाही; आमच्या आबांनी दोघांनाही दुसऱ्या दिवशी हरभऱ्याच्या राखणीला एकत्र पाठवले.

तिसऱ्या वर्षी घर आटले. आईचे बीजगणित संपत आले, प्रयोगशाळा नव्हती, माझा इतिहास ऐकून मुलगी कंटाळली होती. जयंत नारळीकरांच्या आत्मचरित्रात त्यांच्या बनारसच्या घरातला एक फळा आहे. शिकायला येऊन राहिलेले त्यांचे मोरूमामा त्यावर एक अवघड गणित लिहून ठेवत, खास जयंतासाठी आव्हान म्हणून. सुटेपर्यंत ते पुसायचे नाही. त्या घरात वडील गणिताचे प्राध्यापक, मामा गणिती. आमच्या घरात मामा आहेत, ते ट्रॅक्टर चालवतात. पण फळ्याची कल्पना आम्ही उचलली. ओळखीतले गणिताचे एक निवृत्त गुरुजी लातूरहून दर रविवारी एस.टी.ने येऊ लागले. ते शिकवत नसत. कोठीच्या दारावर खडूने एक गणित लिहायचे, चहा प्यायचा, आबांशी पावसाच्या गप्पा मारायच्या आणि परत जायचे. पुढच्या रविवारी उत्तर बघायचे. पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. तुरीची डाळ मात्र नाही म्हणाले नाहीत. मुन्शी, भवाळकर, मोरूमामा आणि आमचे गुरुजी यांना मी आता एकाच रांगेत बसवतो. घरातल्या माणसाला मूल आवडते, म्हणून त्याचे चुकलेले उत्तरही जवळजवळ बरोबर वाटते. बाहेरच्याला तसे वाटत नाही.

माणूस मिळाला, दार मिळणे राहिले होते. कर्व्यांच्या साताऱ्याप्रमाणे प्रत्येक परीक्षेच्या दाराशी कोणीतरी उभा असतो. शिष्यवृत्ती परीक्षा शाळेमार्फत. नवोदयची प्रवेश परीक्षा पाचवीत शिकणाऱ्याला. जिथे जावे तिथे बोनाफाईड मागतात. पटावर ठेवलेले ते नाव आम्हाला इथे उपयोगी पडले. घरीच शिकणाऱ्यांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, १९८९ पासूनचे. पण त्याच्या दहावीला चौदा वर्षे पूर्ण लागतात. महाराष्ट्राने अलीकडे स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळ काढले, तिथेही पाचवी आणि आठवीला वयाची अट आहेच. आपला सतरा नंबरचा फॉर्म खेड्यापाड्यांत सर्वांना ठाऊक असतो, पण तो ज्यांचे शिक्षण सुटले त्यांच्यासाठी. जे पुढे पळाले त्यांच्यासाठी नव्हे. या सगळ्या सोयी मागून येणाऱ्यांची वाट बघतात. लवकर पोचलेल्याला त्या दाराबाहेर बसवून ठेवतात.

मुंबईच्या मालविका जोशीचे उदाहरण आम्हाला सगळे देत. सातवीच्या आसपास शाळा सोडली, घरी शिकली, दहावी-बारावीचे प्रमाणपत्र नाही, आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश. खरे आहे. पण ते दार कसे उघडले तेही बघावे. आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडमध्ये तिला तीन पदके होती, दोन रौप्य आणि एक कांस्य. चेन्नईच्या मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने मधल्या काळात तिला शिकू दिले. आणि बारावी नसल्याने आयआयटीचे दार तिलाही बंदच होते. घराला संपूर्ण वेळ देणारी आई आणि स्वतःचा व्यवसाय करणारे वडील, हे त्या यशाचे दुसरे अंग. आमच्याकडे वडिलांचा व्यवसाय म्हणजे पाऊस.

आमच्या भागातल्या कुरुंद्याच्या नरहर कुरुंदकरांचे उदाहरण मी मुलीला मुद्दाम देत नसे. इंटरला पुन्हा पुन्हा नापास झालेला माणूस नांदेडला शाळेत शिक्षक झाला, आणि नंतर एम.ए. करून पीपल्स कॉलेजचा प्राचार्य. परीक्षेवाचून विद्वान होता येते याचा मराठवाड्यात तो भरभक्कम पुरावा. पण त्या पुराव्यावर हजार मुलांनी परीक्षा सोडल्या तर त्यातून कुरुंदकर एकही निघणार नाही. मी स्वतः त्या हजारांतला एक आहे, म्हणून हे बोलण्याचा मला अधिकार आहे.

यंदा जूनमध्ये मुलगी आठवीत परत गेली, वयानुरूप. कारण सरळ होते. गणित ऑलिम्पियाडची पहिली पायरी आठवीपासून खुली होते. तीन तास, तीस प्रश्न, प्रत्येकाचे उत्तर शून्य ते नव्व्याण्णवमधला एक पूर्णांक. पायऱ्या लिहायच्या नाहीत, नुसते उत्तर. प्रश्न मराठीत नसतात, त्यामुळे गुरुजींनी उन्हाळाभर कोठीच्या दारावर इंग्रजीत लिहिले. सप्टेंबरमध्ये तिने परीक्षा दिली. पुढच्या फेरीत नाव आले नाही. घरी आल्यावर म्हणाली, दहा प्रश्न समजले, त्यातले दोन भाषेत अडकले. रडली नाही. तिला पहिल्यांदाच असे वीस प्रश्न भेटले होते जे तिच्यापेक्षा मोठे होते, आणि मला तर ती खूश दिसली.

त्याच महिन्यात पाऊस आला. मराठवाड्यात सप्टेंबरमध्ये काय झाले ते वाचकांनी वर्तमानपत्रांत पाहिले आहे. हा लेख संपादकांकडे उशिरा पोचण्याचे कारणही तेच. आमचे चौदा एकर सोयाबीन आठ दिवस पाण्यात होते. मुलीला पुढल्या जूनपासून बाहेर, वसतिगृह असलेल्या चांगल्या शाळेत ठेवायचे असे उन्हाळ्यात ठरले होते, आणि त्याचा खर्च याच सोयाबीनमधून धरलेला होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घर बसले. आबांनी हिशोब मांडला: बियाणे, खत, फवारणी, सोसायटीचे कर्ज. खर्च काढता काढता शाळेच्या ओळीवर आले आणि थांबले. मी बोलायच्या तयारीत होतो, माझ्याकडे फुले होते, मिल होता. त्याआधीच थोरली सून चुलीकडून म्हणाली, “तिला धाडा. पर माझ्या लेकराला बी गुरजीचं आईतवार पायजे. दाराची एक बाजू त्येची.”

आबांनी दोन एकरांचा ऊस आहे तो लवकर घालवता येईल का ते बघायला सांगितले. कारखान्याची तोड कधी येते कोणास ठाऊक. गुरुजी मागच्या रविवारी आले तेव्हा कोठीच्या दाराच्या मधोमध खडूने उभी रेघ ओढलेली होती. त्यांनी डाव्या बाजूला नेहमीसारखे लिहिले. उजवीकडे लिहिण्याआधी त्यांनी मुलाला विचारले, तुला काय येतं. तो म्हणाला, औटकी.

“म्हण,” गुरुजी म्हणाले, आणि खाली बसले.